चाळीस माणसांचा पत्ता

इंटरनेटवर मला कोणी फसवू शकत नाही, हे मी नम्रपणे सांगतो. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस मी. तारेच्या दुसऱ्या टोकाला आपल्याला वाटतो तो माणूस सहसा नसतो, एवढं तिथे शिकलो. निवृत्त झाल्यावर मी तीन नियम केले. अनोळखी नंबरवर विश्वास ठेवायचा नाही. खासगी माहिती कोणालाही द्यायची नाही. आणि आवाज ओळखीचा असला तरी एक गुप्त प्रश्न विचारल्याशिवाय पुढे बोलायचं नाही. हे नियम मी सल्ट गावातल्या प्रत्येकाला ऐकवले आहेत. आमचं गाव डोंगरउतारावर, गल्ल्या म्हणजे जिनेच; लोक हल्ली मला बघून दुसऱ्या जिन्याने चढतात.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीला, रुबाला, रीतसर मागणी यायची होती. मुलगा इर्बिदचा, लैस. दोघांच्या मनात दोन वर्षं होतं, घरच्यांची बोलणीही झाली होती. राहिली होती फक्त जाहा. मुलाकडचे वडीलधारे येणार, कॉफीचा पेला न पिता समोर ठेवणार, मी 'दिली' म्हणणार, मग ते पिणार. जाहा शुक्रवारी आणि रविवारी लैस कुवेतला कामावर परत. शुक्रवार हुकला की बसा वर्षभर वाट बघत.

शुक्रवारी चार वाजता खुर्च्या मांडून झाल्या, चीजच्या गरम, गोड कुनाफ्याची तबकं आली आणि माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. संदेश असा : 'अबू साहेर, सल्टच्या वेशीपाशी आहोत. चाळीस जण आहोत. घराचं लोकेशन पाठवा.'

"त्यांचाच असेल, बाबा," रुबा म्हणाली.

"लैसच्या वडिलांचा, अबू लैसचा, नंबर माझ्याकडे आहे. हा तो नाही."

"अहो, पण आज येणार तेच ना?" माझी बायको, उम्म साहेर.

"तेच तर. चोर नेहमी मुहूर्त बघून येतो."

मी लोकेशन पाठवलं. माझ्या घराचं नाही, अबू नायेलचं. अबू नायेल माझा बालमित्र, निवृत्त पोलीस अधिकारी, दोन गल्ल्या खाली राहतो. चोराने परस्पर पोलिसाच्या घरी जावं, यापेक्षा सुटसुटीत व्यवस्था मला सुचली नाही. मग मी तो नंबर ब्लॉक करून टाकला आणि खुर्चीत बसलो.

पाच वाजले. साडेपाच वाजले. कुनाफ्यावरचं चीज गार होऊन चामड्यासारखं झालं. रुबा खिडकीतून हलेना. उम्म साहेर माझ्याकडे बघेना. लैसचा फोन लागेना. पावणेसहाला अबू नायेलचा फोन आला.

"अबू साहेर, माझ्या बैठकीत..."

"थांब. तू अबू नायेलच कशावरून?"

"काय?"

"शाळेत तुला काय म्हणायचे?"

पलीकडे त्याने घसा खाकरला. मग हळू आवाजात : "वांगं."

"जरा मोठ्याने."

"वांगं! अरे, फोन स्पीकरवर आहे, गाढवा. माझ्या बैठकीत चाळीस माणसं बसली आहेत!"

झालं होतं ते असं. बुधवारी कोणीतरी अबू नायेलच्या गाडीचा बंपर ठोकून पळालं होतं. अपघातानंतर माफी मागायलाही जाहाच येते, पेलाही तसाच खाली ठेवतात. लैस आणि त्याचा बाप सगळ्यात मागच्या गाडीत, गल्लीत जागा शोधत फिरत होते. पुढे आलेल्या म्होरक्याने, हाजी फवाजने, मला कधी पाहिलेलं नव्हतं. त्याने पेला खाली ठेवला आणि "तुमच्या मनाचा मोठेपणा ऐकून आलोय" इथून सुरुवात केली. ही बंपरचीच माफी, असं समजून अबू नायेलने त्याला तिथेच थांबवलं. "एक शब्द बोलू नका. मागाल ते दिलं. कॉफी प्या."

चाळीस जणांनी कॉफी प्यायली.

"आणि आता म्हातारा विचारतोय, निकाह कधी," अबू नायेल म्हणाला. "कुणाचा निकाह? बंपरचा? मला तीन मुलगे आहेत, अबू साहेर!"

पंधरा मिनिटांत सगळे धापा टाकत आमच्या जिन्यावर. अबू नायेलही आला, माझा गळा धरायला. हाजी फवाज बसला, उम्म साहेरने पाठवलेला पेला उचलला आणि सरळ पिऊन टाकला.

"हाजी," मी म्हणालो, "पेला खाली ठेवायचा असतो."

"ठेवला की. तासाभरापूर्वी. या माणसाने मागणी मान्य केली. शब्द दिला तो दिला."

"पण मुलगी माझी आहे. मी अजून हो म्हणालो नाही."

आतला दरवाजा बोटभर उघडला. "बाबा, त्यांना गुप्त प्रश्न विचारून घ्या, नाहीतर हो म्हणा."

मी हो म्हणालो. लैसच्या चेहऱ्यावर रंग परत आला. आत बायकांनी आनंदाची किलकारी दिली आणि चामड्याचा कुनाफा लोकांनी गुमान खाल्ला.

"पण तुम्ही नंबर का बदललात?" मी अबू लैसला विचारलं. चूक कोणाची, हे एकदा स्पष्ट व्हायला हवं होतं.

"मागे इर्बिदला आमच्याकडे आलात तेव्हा तुम्हीच दोन तास बजावलंत ना, जुना नंबर चोरांच्या यादीत असतो म्हणून? बदलला."

मी कुनाफ्याचं तबक पुढे सरकवलं.

"ते राहू दे," अबू नायेल म्हणाला. "तुम्ही नाही, तर माझा बंपर ठोकला कोणी?"

"कोणी का असेना," हाजी फवाज म्हणाला. "मागाल ते दिलं म्हणालास. कॉफी पोटात गेली. माफ झालं."

अबू नायेलने नाइलाजाने मान हलवली. त्या चाळीस जणांचा मी आता व्याही आहे, तेव्हा माफीत थोडा वाटा माझाही असावा. माझ्या गाडीचा मागचा डावा दिवा त्या बुधवारपासून फुटलेला आहे. अबू नायेलला हे सांगावं असं दोन-तीनदा मनात आलं. पण खासगी माहिती कोणालाही द्यायची नाही, हा माझा दुसरा नियम आहे.