तबकड्यांचा पोळा

या खंडेनवमीला भोसरीत माणसं नाचणार म्हणजे नाचणारच, असं आबाजींनी जेवता जेवता जाहीर केलं आणि भाकरीचा तुकडा असा काही मोडला, की समोर बसलेल्या रणजीतला आपलंच मनगट पिरगाळल्यासारखं वाटलं.

"कोण नाचणार?" त्यानं विचारलं.

"क्लबातली मान्सं."

"आबा, दीड वर्षात तुमच्या क्लबात कुणी पायाचा अंगठा हलवला नाही."

"आता हलवतील. न्हाई हलवला, तर शेडची किल्ली तुझ्या हातात. भर तिच्यात तुझे खोके."

आक्काबाई वाढता वाढता थांबल्या. लेकाला ती शेड पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या गोदामासाठी हवी होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. नवऱ्याचा जीव त्या शेडमध्ये अडकलाय, हे तर गल्लीतल्या कुत्र्यांनाही माहीत होतं. त्यांनी नवऱ्याच्या ताटात आमटी जरा जास्तच ओतली. तोंड भरलेलं असलं की पुढची पैज लागणार नाही, असा त्यांचा हिशोब.

आबाजींना हे वेड लागलं ते भाडेकरूमुळं. शेती कारखान्यांत गेल्यावर उरलेल्या तुकड्यावर त्यांनी घर बांधलं आणि त्याला लागून पत्र्याची शेड घातली. वरच्या मजल्यावर एक परदेशी इंजिनिअर राहायला आला. चाकणकडं कुठल्याशा कारखान्यात मशिनं बसवायचं त्याचं काम. रविवारी तो ताटलीएवढ्या काळ्या तबकड्या लावायचा आणि आबाजी जिन्यात बसून ऐकायचे. भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं. पण गाणारा विहिरीच्या तळातून हाक मारावी तशी हाक मारायचा, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, दोर आपल्याच हातात आहे! इंजिनिअर गेला तेव्हा रेकॉर्ड प्लेअर आणि तबकड्यांचा डबा जिन्यातल्या या श्रोत्याला देऊन गेला.

मग आबाजी पुण्याच्या जुन्या बाजारात फिरायला लागले. तिथं त्यांचा आणि एका पोरीचा हात एकाच वेळी एकाच तबकडीवर पडला. ही पुनावळ्याची तनुजा. आयटीत नोकरी करायची आणि असल्याच तबकड्या जमवायची. तिनं सांगितलं, याला सोल म्हणतात. अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं गाणं. चर्चच्या भजनातून निघालं आणि नाचघरात शिरलं. हे ऐकून आबाजींनी ती तबकडी तिला देऊन टाकली आणि तिला आपल्या क्लबात घेतलं. क्लब तोवर निघालेला नव्हता. तो मग काढला.

दर महिन्याला एका शनिवारी संध्याकाळी शेडमध्ये 'भोसरी सोल क्लब' भरायचा. आबाजींनी बोलावलं म्हणून माणसं येत. आजूबाजूच्या वर्कशॉपमधले कामगार, गावातली चार म्हातारी, त्यांच्या सुना. येत, चहा घेत आणि मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाला आल्यासारखी गुडघ्यावर हात ठेवून बसत. गाणं संपलं की टाळ्या वाजवत. एकट्या तनुजाची मान हलायची. पहिल्या वेळी आक्काबाईंना वाटलं, पोरीची मान अवघडलीय. त्यांनी बाम आणून दिला.

पण या वेळी आबाजींनी खोल विचार केला होता. दोष गाण्यात नव्हता, माणसांतही नव्हता. दोष खुर्च्यांत होता! खुर्ची दिली की माणूस पाहुणा होतो. खुर्ची काढून घेतली की उभा राहतो, उभा राहिला की पाय दुखतात, दुखले की हलतात, आणि हलले की नाचच झाला. शिवाय कुठली तबकडी कधी लावायची, तेही त्यांनी पक्कं केलं होतं. मराठी अक्षरं त्यांनी पन्नाशीनंतर गिरवली होती, इंग्रजीच्या वाटेला ते गेलेच नव्हते. तबकडी ते मधल्या गोल कागदाच्या रंगावरून ओळखायचे. निळी संथ, हिरवी रडकी, पिवळीनं पाय जागे व्हायचे, आणि लाल लावली की मढंही उठून बसेल अशी त्यांची खात्री होती.

खंडेनवमीच्या दुपारी त्यांनी शेडची किल्ली नवनाथला दिली. नवनाथ शेजारच्या टर्निंगच्या वर्कशॉपमध्ये लेथ, म्हणजे लोखंड कातायचं मशीन, चालवायचा. बीडकडचा गडी, कामाला वाघ आणि आबाजींवर जीव टाकणारा. खुर्च्या सगळ्या बाहेर काढ, एवढंच त्याला सांगितलं होतं. तेवढं सांगून आबाजी दाढी करायला गेले.

आता भोसरीत खंडेनवमी म्हणजे काय असतं, हे आबाजींना नव्यानं सांगायची गरज नव्हती. दुपारनंतर मशिनं थांबतात. फरशी धुतात, लेथ तेलानं पुसून आरशासारखा चकचकीत करतात, हळद-कुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात. पान्यांची पूजा होते, टेम्पोची होते, एका वर्कशॉपात तर चहाच्या थर्मासचीही होते. हे सगळं माहीत असून दाढी करताना त्यांच्या ते ध्यानात आलं नाही, कारण आरशासमोर ते मनातल्या मनात लाल तबकडी लावून बघत होते.

संध्याकाळी नवं धोतर नेसून ते आक्काबाईंबरोबर शेडच्या दारात आले आणि तिथंच उभे राहिले.

खुर्च्या एकूण एक बाहेर गेल्या होत्या. मोकळ्या झालेल्या जमिनीवर सतरंजी होती, सतरंजीवर ओळीनं सगळ्या तबकड्या मांडल्या होत्या, आणि प्रत्येक तबकडी ओल्या म्हशीसारखी चमकत होती. मधल्या कागदावर हळद-कुंकवाचा मळवट भरलेला. रेकॉर्ड प्लेअर झेंडूच्या माळांत गळ्यापर्यंत बुडाला होता आणि त्याच्यापुढं नारळ ठेवला होता.

"एक बी सोडली न्हाई, आबा," नवनाथ हात पुसत म्हणाला. "तेलाचं बोट दोन्ही अंगानं फिरवलंय. आता ह्यास्नी जन्मात गंज धरायचा न्हाई."

आबाजींनी एक तबकडी उचलली. ती हातातून माशासारखी निसटली आणि सतरंजीवर पडली. त्यांना ओरडायचं होतं. पण नवनाथचा चेहरा पाहिला, तर तो लेकराला न्हाऊमाखू घालून पाळण्यात ठेवणाऱ्या आईसारखा. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "लई कष्ट घेतले गड्या."

तेवढ्यात तनुजा आली. तिनं वास घेतला, सतरंजी पाहिली आणि भिंतीला टेकून खालीच बसली. तिच्या मते लोक ज्या हातमोजे घालून धरतात, अशा वस्तूंना मशीनचं तेल लागलं होतं. तिला रडायला येण्याआधी आक्काबाईंनी पदर खोचला.

"तेलाची भांडी धुवायला काय लागतं?" त्या म्हणाल्या. "ऊठ पोरी. घंगाळ आण."

मग जे सुरू झालं, त्याला क्लब म्हणावं की लग्नघराचं मागचं अंगण, ते कळेना. घंगाळात कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण. आक्काबाई जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं तबकडी हलकेच चोळतायत, तनुजा कागद भिजू नये म्हणून जीव मुठीत धरून सूचना देतेय. गाणी ऐकायला येणारा प्रत्येक जण दारातच कामाला लागला. ज्याच्या हातात ओली तबकडी पडेल, त्यानं ती कडेनं धरून वारा देत उभं राहायचं. थोड्या वेळात शेडभर माणसं मोरपिसाचा पंखा ढाळल्यासारखी तबकड्या हलवत होती. रणजीत आला तो हेच पाहत दारात हाताची घडी घालून उभा राहिला. नाच म्हणतात तो हाच का, असं त्यानं आईला विचारलं. आईनं त्याच्याही हातात एक तबकडी दिली.

तेल बरंचसं गेलं. पण मधल्या कागदांवर हळद, कुंकू आणि तेल मिळून जो लेप बसला होता, तो काही हलेना. निळी, हिरवी, पिवळी, लाल, सगळ्या एकजात शेंदरी झाल्या होत्या. मढी उठवणारी कुठली आणि रडवणारी कुठली, हे आता देवच जाणे! आबाजींनी डोळे मिटले, एक ओढली आणि रेकॉर्ड प्लेअरवरची माळ काढायला हात घातला.

तो हात नवनाथनं धरला.

"आबा, पूजा झालीया. आज मशीन फिरवायचं नसतं."

त्याच्यामागं सगळे कामगार उभे राहिले. भांडणाचा सूर कुणाचाच नव्हता, पण पायही कुणी मागं घेईना. पूजलेलं मशीन फिरवलं म्हणून गेल्या साली कुणाच्या तरी वर्कशॉपात वर्षभर माल नापास होत होता, असं एकानं सांगितलं. दुसऱ्यानं त्या वर्कशॉपच्या मालकाचे केसही गळाल्याचं सांगितलं. आबाजी म्हणाले, हे गाण्याचं मशीन आहे, कामाचं नव्हे. तेव्हा नवनाथनं शांतपणे विचारलं, "पोळ्याला तुमी बैल औताला जुपत होता का?"

आबाजींनी माळेवरून हात मागं घेतला. त्यांच्या दावणीला पंचवीस वर्षं बैल होते. पोळ्याला त्यांनी बैलाच्या खांद्यावर साधा दोर पडू दिला नव्हता. रणजीतच्या खिशात गोदामाची कुलपं वाजल्याचा भास त्यांना झाला. पैज हरल्यात जमा होती, आणि हरवलं होतं ते त्यांच्याच बैलांनी.

पण आबाजी हरायला आले नव्हते. त्यांनी नारळाकडं पाहिलं, माळांकडं पाहिलं आणि धोतराचा सोगा खोचला.

"बरोबर हाय तुझं. पोळ्याला बैल जुपत न्हाईत," ते म्हणाले. "मग काय करत्यात?"

नवनाथ विचारात पडला. "मिरवत्यात."

"वाजवत, गाजवत?"

"व्हय. गावभर."

"मग मशीन आज कामाला लावायचं न्हाई. मिरवायचं. हातगाडी काढ!"

वर्कशॉपची लोखंडाच्या सळ्या वाहायची हातगाडी निघाली. तिच्यावर आक्काबाईंची सतरंजी, तिच्यावर हादरे बसू नयेत म्हणून लेथखाली घालतात ती जाड रबरं, त्यांवर माळांसकट रेकॉर्ड प्लेअर, आणि दोन्ही अंगांना स्पीकर. शेडमधून लांब वायर ओढली. चौघांनी गाडी उचलल्यासारखी धरली, कारण गल्लीत खड्डे होते आणि तनुजा प्रत्येक खड्ड्यापुढं हात आडवे करून उभी राहत होती. नवनाथनं नारळ फोडला. आबाजींनी सुई ठेवली.

आणि लागली ती नेमकी रडकी! हिरवी, सगळ्यांत दुःखी. माणूस पहिल्या ओळीपासून हंबरडाच फोडत होता.

पण मिरवणुकीत उभं कोण राहतं? इथल्या माणसाला गाणं लागत नाही, पुढं चालणारी गाडी आणि तिच्यावर माळ घातलेलं काहीतरी लागतं. नवनाथनं दोन्ही हात वर केले. मागच्यांनी शिट्टी मारली. म्हातारी माणसं हातात हात घालून फुगडीचा बेत करू लागली. हंबरड्यावर कामगार वरातीतल्यासारखे कमरेत वाकून नाचू लागले. तनुजानं आबाजींना कानात सांगितलं, की आबा, हे बायको सोडून गेल्याचं गाणं आहे. आबाजींनी पाहिलं, तर त्यांची स्वतःची बायको पदर खोचूनच पुढं नाचत होती. "मग तर बरोबर हाय," ते म्हणाले.

अर्ध्या गल्लीत गाडी खड्ड्यात आदळली. राहिलेल्या तेलावरून सुई घसरली आणि एकाच जागी अडकली. गाणारा तोच एक हुंदका पुन्हा पुन्हा द्यायला लागला. तनुजानं कपाळाला हात लावला. पण लोकांना इतका वेळ हवा असलेला ताल आता कुठं मिळाला होता! त्या हुंदक्यावर गल्ली अशी उसळली, की दोन्ही बाजूंच्या वर्कशॉपांतली माणसं प्रसादाच्या ताटल्या घेऊनच बाहेर आली. इतका वेळ हाताची घडी घालून चालणारा रणजीतही खांद्यानं थोडा हलला. ते आबाजींनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

कोपऱ्यावर वायर संपली, प्लग निघाला आणि हुंदका तुटला. लोक आणखी थोडा वेळ तो तोंडानंच म्हणत नाचले. मग सगळे घामाघूम होऊन हसत थांबले.

आबाजी लेकासमोर आले. छाती हातगाडीएवढी झाली होती.

"नाचली का न्हाई?"

"नाचली," रणजीत म्हणाला. "मानलं, आबा. असा नाच मी माझ्या लग्नात पाहिला नव्हता." मग त्यानं मागं शेडकडं पाहिलं. उघड्या दारातून रिकामी जमीन दिसत होती आणि तिच्यावर साबणाच्या पाण्यानं भरलेलं एक घंगाळ. "पण शेडमध्ये कोण नाचलं? आत होती तोवर सगळी उभीच होती. बाहेर काढली तेव्हा नाचली. तुमच्या क्लबाला शेड लागतच नाही, आबा. हातगाडी पुरते."

आबाजींनी उत्तर शोधलं. बैलांकडं शोधलं, खुर्च्यांकडं शोधलं. आक्काबाईंकडं पाहिलं, तर त्यांना अजून धाप लागलेली होती. त्यांचा काही उपयोग नव्हता. जो मुद्दा पोरानं काढला होता, तो आपणच सगळ्या गल्लीसमोर सिद्ध करून दाखवलाय, हे त्यांच्या हळूहळू ध्यानात आलं.

त्यांनी नवनाथकडून किल्ली घेतली आणि रणजीतच्या तळहातावर ठेवली. मग वळून नवनाथला विचारलं, ही गाडी दर महिन्याला मिळेल का? मिळेल, तो म्हणाला, फक्त सळ्या उतरवून घ्याव्या लागतील.

"आणि पाऊस आल्यावर?" आक्काबाईंनी धापा टाकत विचारलं.

आबाजी रणजीतकडं वळले.

"खोके भिंतीकडंनं रचायचे," ते म्हणाले. "मधी जागा लागंल."