मशीनच्या नाकावर टिच्चून

कमलाबाईंनी तापलेल्या तेलात मोहरी टाकली, ती तडतडली, आणि दहा किलोमीटरवरून त्यांच्या मुलाचा फोन आला.

"आई, काय जाळलंस?"

"जाळलं नाही. आमटीला फोडणी देतेय."

"अगं, लाल झालंय! एकशे ऐंशी दाखवतंय!"

"अजून हिंग टाकायचाय. ठेव फोन, नाहीतर खरंच जळेल."

त्यांनी फोन ठेवला. तीस वर्षं पुण्यात टेलिफोन खात्यात काढलेल्या बाईला फोन कधी ठेवायचा हे शिकवावं लागत नाही.

लाल झालं होतं ते हवा शुद्ध करणारं मशीन. परदेशातल्या, हॅमिल्टनच्या त्या घरात स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली एकच, आणि तिच्या मधोमध हे पांढरं, गुडघ्याच्या वर येणारं धूड उभं असायचं. हवा चांगली असली की निळा दिवा, वाईट झाली की लाल. शिवाय ते यशोधनच्या फोनवर चहाडी करायचं. यशोधन ‘ते रापा’ नावाच्या उपनगरात दूध-पावडरच्या कारखान्यात इंजिनिअर होता. तिथे हवेचा दाब, ओलावा आणि धूळ मोजणं हेच त्याचं काम. असा माणूस घरी येऊनही स्वस्थ बसत नाही, हे त्याच्या बायकोला, अस्मिताला, लग्नानंतर कळलं होतं.

मशीन आणायचं कारण ओवी. आठ वर्षांची ओवी मे महिन्यापासून खोकत होती. दवाखान्यातली नर्स एवढंच म्हणाली होती, "रोज थोडा वेळ खिडक्या उघडता ना?" यशोधनला तो अपमान वाटला. एका इंजिनिअरला खिडक्या उघडायचा सल्ला! त्याने चौदा मशीनांचा तक्ता केला, तीन आठवडे रकाने भरले.

"मला बघायला आलास तेव्हा अर्ध्या तासात होकार दिला होतास," अस्मिता म्हणाली.

"तुझे रिव्ह्यू नव्हते ना," यशोधन म्हणाला आणि पुढचे दोन दिवस स्वतःचा डबा स्वतः भरून नेत होता.

मशीन आलं तेव्हा कमलाबाईंनी त्याला कुंकवाचं स्वस्तिक काढलं. माहितीपुस्तिकेची पहिली तेरा पानं ‘ही सामान्य लोकांसाठी असतात’ म्हणून उलटून यशोधनने थेट चौदाव्या पानावरून, फोनशी जोडणी करण्यापासून, सुरुवात केली. फिल्टर आत बसवला, झाकण लावलं. झाकणावरचं पारदर्शक प्लास्टिक अर्थातच काढलं नाही. या घरात मायक्रोवेव्हच्या बटणांवरचं प्लास्टिक चार वर्षं टिकून होतं आणि टीव्हीचा रिमोट पिशवीत राहत होता. लहानपणी यशोधनने नव्या फ्रीजवरचं प्लास्टिक सोललं, तेव्हा कमलाबाईंनी त्याला असा धपाटा घातला होता की त्याने पुन्हा कुठल्याही नव्या वस्तूचं प्लास्टिक काढलं नाही. दर रविवारी मात्र तो बाहेरची जाळी झाडून, ओल्या फडक्याने पुसून, कोरडी करून मशीनचा अभ्यंग करायचा.

मशीन रोज सकाळी साडेअकराला लाल व्हायचं. यशोधनने आलेख छापून फ्रीजवर लावला आणि जेवताना जाहीर केलं, "आई, ओवीचा खोकला तुझ्या फोडणीमुळे आहे. आकडे खोटं बोलत नाहीत."

कमलाबाईंच्या हातातला घास हातातच राहिला. फोडणीला कुणी नावं ठेवली असती तर त्यांनी चार शब्द सुनावून सोडून दिलं असतं. पण आपण नातीला आजारी पाडतोय, हे त्यांच्या काळजाला लागलं.

"तू याच फोडणीवर सहा फुटांचा झालास."

"तेव्हा मोजत नव्हतो आपण."

"बरं. खोकला माझ्या फोडणीने आहे हे सिद्ध कर, मी मिळेल त्या विमानाने पुण्याला जाते. आणि नसला तर?"

"तर तू म्हणशील ते."

"अस्मिता, तू साक्षीदार."

अस्मिताने आमटी वाढून घेतली. उद्यापासून ती मिळेल की नाही याची तिला शाश्वती वाटत नव्हती.

नवे नियम लागू झाले. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे सगळ्या खिडक्या बंद. फोडणी शेगडीवर द्यायची नाही, मायक्रोवेव्हमध्ये वाटीभर तेल गरम करून त्यात मोहरी सोडायची. कमलाबाईंनी हे आठ दिवस इमानदारीने केलं. मोहरी तेलाच्या तळाशी गप्प पडून राहायची, हिंगाला वास यायचा नाही. काचांवरून पाण्याचे ओघळ वाहायचे, पडदे ओलसर लागायचे, आणि ओवीचा खोकला वाढला.

"आता काय म्हणणं आहे तुझं?" कमलाबाईंनी विचारलं.

"जुन्या फोडण्या पडद्यांत साठल्यात. त्या आता बाहेर पडतायत."

हे ऐकल्यावर कमलाबाईंची खात्री पटली, की पोरगा वड्याचं तेल वांग्यावर काढतोय. आणि एकदा खात्री पटली की त्या कुणाच्या बापाला ऐकत नसत.

जुलैच्या, तिथल्या ऐन हिवाळ्यातल्या, सुट्ट्या लागल्या. यशोधन कारखान्यात, अस्मिता तिच्या प्रयोगशाळेत, घरी आजी आणि नात. ओवीने वरणात चमचा फिरवला आणि ताट पुढे सरकवलं.

"आजी, धिस इज सॅड डाळ."

"तुझ्या बाबाला सांग. त्याचं मशीन लाल होतं ना."

ओवी उठली आणि मशीनपाशी उकिडवी बसली. बाजूला हरभऱ्याच्या डाळीएवढं भोक होतं. तिने त्यावर बोट ठेवलं. "इट स्मेल्स फ्रॉम हिअर, आजी. धिस इज द नोज."

कमलाबाई दोन क्षण त्या भोकाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी कपाळावरची टिकली काढली, मशीनच्या नाकावर चिकटवली, अंगठ्याने दाबली. कपाट उघडून लोखंडी कढलं बाहेर काढलं. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग फुलला, कढीपत्ता चुरचुरला, वर दोन लाल मिरच्या. साऱ्या घराला ठसका बसला. मशीन निळं ते निळंच. फोन वाजला नाही.

"स्वीट अ‍ॅज!" ओवी ओरडली. तिच्या शाळेतल्या भाषेत, एकदम झकास.

पण गुन्ह्याचा वास उरला होता. यशोधन यायच्या आत तो घालवायला हवा. दोघींनी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, मागचं दार उघडलं, जाकिटं घातली आणि घरातला वास जाईपर्यंत तासभर बाहेरच्या डेकवर पत्ते खेळल्या. आत येऊन खिडक्या लावल्या, टिकली काढून पुन्हा कपाळावर. हा कार्यक्रम रोज चालू झाला. सुट्टी संपून ओवी शाळेत गेल्यावरही कमलाबाई एकट्या डेकवर पेशन्स खेळत बसायच्या.

काचांवरचं पाणी आटलं. पडदे कोरडे झाले. आणि महिनाअखेर कुणाच्या तरी लक्षात आलं, की ओवी खोकत नाही.

"बघितलंस?" यशोधनने फोन नाचवला. "सरासरी चार! फोडणी बंद, खोकला बंद. आणि खरं सांग, मायक्रोवेव्हच्या फोडणीलाही तीच चव येते की नाही?"

"येते खरी," कमलाबाई म्हणाल्या.

आतून मात्र त्या धुमसत होत्या. नात बरी झाली याचा आनंद होताच, पण श्रेय मशीनला आणि ठपका फोडणीला! खरं सांगावं तर चोरी उघडी पडणार, न सांगावं तर फ्रीजवरचा तो आलेख जन्मभर तिथेच राहणार.

ऑगस्टच्या एका शनिवारी तासाभराच्या अंतरावरच्या पापाटोएटोहून यशोधनचा मित्र सुधाकर आणि त्याची बायको मृदुला जेवायला येणार होते. त्यांनाही मशीन घ्यायचं होतं आणि यशोधनला तर ते विकण्याचं कमिशन असल्यासारखा उत्साह होता. तो कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेला तेवढ्यात कमलाबाईंनी घाईघाईने आमटी फोडणीला टाकली. पण पाहुणे लवकर आले, खिडक्या लावता लावता धांदल उडाली, आणि टिकली राहिली ती राहिलीच.

"ओवीचा खोकला यानेच गेला," यशोधनने पाहुण्यांना तक्ता, आलेख, फोन सगळं दाखवलं. "थांबा, प्रात्यक्षिकच करू. आई, आज खास परवानगी. शेगडीवर फोडणी दे. आधी कसं लाल होतं आणि मग कसं साफ करतं, बघा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कमलाबाईंनी कढलं उचललं, सवयीने कपाळाला हात लावला, आणि कपाळ मोकळं लागलं. त्यांनी मशीनकडे पाहिलं. दोन पावलं टाकली असती तर टिकली हळूच काढता आली असती. पण समोर फ्रीजवर तो आलेख होता. झालं तेवढं पुरे, असं त्यांना वाटलं.

"नक्की देऊ?"

"दे. मिरच्या घाल चांगल्या."

कमलाबाईंनी आठ घातल्या.

मृदुला आधी खोकली, मग सुधाकर, मग अस्मिता. डोळ्यांतून धारा लागल्या. मशीन निळ्या दिव्यानिशी शांतपणे उभं होतं.

"बघा!" यशोधन ठसकत म्हणाला. "इतकं ताकदवान आहे, की लाल व्हायच्या आतच साफ!"

त्याच वेळी छतावरचा धुराचा अलार्म कर्कश ओरडू लागला. यशोधन खुर्चीवर चढून त्याला टॉवेलने वारा घालू लागला. "हा जुन्या टेक्नॉलॉजीचा आहे," तो वरून म्हणाला.

सुधाकर डोळे पुसत खाली वाकला. "यशोधन, तुझ्या मशीनला टिकली कुणी लावली रे?"

अलार्मही नेमका तेव्हाच थांबला.

"माझी आहे," कमलाबाई म्हणाल्या. "रोज तासभर असते तिथे. महिना झाला."

"म्हणजे तू रोज... शेगडीवर?"

"रोज. याच कढल्यात. महिनाभर मायक्रोवेव्हला मी हातसुद्धा लावलेला नाही."

यशोधनने खाली उडी मारून टिकली उपटली. मशीनने श्वास घेतला, लाल झालं आणि गरगरू लागलं. "आता बघा, पाच मिनिटांत साफ!" पाच मिनिटं झाली, दहा झाली. धूर होता तिथेच होता.

"फिल्टर बघ एकदा," सुधाकर म्हणाला.

"त्याचं ऐंशी टक्के आयुष्य शिल्लक आहे. फोनवर दिसतंय," यशोधनने ऐटीत झाकण काढलं आणि फिल्टर बाहेर ओढला.

फिल्टर कुरकुरीत प्लास्टिकच्या पिशवीत होता. पिशवीवर ठळक अक्षरांत सूचना होती, की वापरण्यापूर्वी ही काढावी.

"अगदी नवा कोरा ठेवलात हो," मृदुला भाबडेपणाने म्हणाली.

यशोधन आईवरच उलटला. "तूच शिकवलंस ना, नव्या वस्तूचं प्लास्टिक काढायचं नाही म्हणून!"

"रिमोटबद्दल शिकवलं होतं. श्वास घेणाऱ्या वस्तूबद्दल नाही."

"पण मग ओवीचा खोकला कशाने गेला?" अस्मिताने विचारलं.

ओवी बागेतून अनवाणी आत आली होती. "विंडोज, मम्मा. आजी ओपन्स ऑल द विंडोज. एव्हरी डे. फॉर द स्मेल."

अस्मिताला ती नर्स आठवली. यशोधनलाही आठवली असावी, कारण तो मुकाट्याने गेला आणि एकेक करून सगळ्या खिडक्या त्याने स्वतः उघडल्या. गार वारा आत आला, धूर बाहेर गेला.

"मी म्हणेन ते, असं ठरलं होतं," कमलाबाई म्हणाल्या. "अस्मिता साक्षीदार आहे."

"बोल."

"तो कागद काढ फ्रीजवरचा. आणि सगळ्यांसमोर सांग."

यशोधनने आलेख काढला, त्याची घडी घातली. मग खाली बघत म्हणाला, "ओवीचा खोकला आईच्या फोडणीने नव्हता."

"बसा आता पानावर," कमलाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण खोलीत सगळ्यांचेच भरलेले असल्याने कुणाला वेगळं दिसलं नाही.

सोमवारी फिल्टर पिशवीबाहेर होता, मशीन चालू होतं. साडेअकराला कमलाबाईंनी खिडक्या उघडल्या, कपाळाची टिकली कपाळावरच ठेवली आणि कंबर कसून तेलात मोहरी टाकली. आज फोन आला की काय सुनावायचं, हे त्यांनी सकाळपासून ठरवून ठेवलं होतं.

मोहरी तडतडली. हिंग फुलला. फोन आलाच नाही.

त्यांनी वळून पाहिलं. मशीन निळं होतं. त्या जवळ गेल्या, चष्मा लावून वाकल्या. त्याच्या नाकावर एक टिकली होती. अस्मिताने लावली असती तर ती सरळ बसली असती. ओवीने लावली असती तर चकचकीत असती. ही त्यांच्याच टिकल्यांच्या पाकिटातली होती, जरा तिरकी लावलेली, आणि तिच्यावरचं पातळ प्लास्टिक तसंच होतं.