पायडलानं धरलेला पाय

अमृतनं त्या शनिवारी घेतलेला निर्णय इतका लहान होता की तो एका चमच्यात मावला. सायकलच्या पायडलांत घालायचं तेल संपलं होतं. ते पुण्याहून मागवावं लागे, प्लास्टिकच्या कुपीतून येई आणि मुळात असे खनिज तेलच. ज्या माणसानं पेट्रोलवर चालणाऱ्या जगाशी उभं वैर धरलंय, त्यानं आपल्या पायडलांना तेच पाजावं? हा प्रश्न त्याला स्वयंपाकघराच्या दारात पडला, आणि समोर शेगडीच्या कडेला खोबरेलाची बाटली उभी होती. घाण्यावरचं, शुद्ध, देशी.

"ती माझ्या केसांची आहे," समीक्षा म्हणाली. ती पोळ्या लाटत होती आणि तिनं मागं वळूनही पाहिलं नव्हतं.

"एकच चमचा. पायडलांना."

"परवा माझा दातांचा ब्रश नेलास, पायडलांना. त्याआधी ओढणी नेलीस, पायडलांना. माझं लग्न नक्की कुणाशी झालंय, तेवढं एकदा सांगून टाक."

(ब्रश जुना होता, असं अमृतचं म्हणणं होतं. तो जुना नव्हता.)

अमृत चार वर्षं डेन्मार्कमध्ये शिकून औंढ्याला परतला होता. "तिकडं न्यायाधीशसुद्धा सायकलवरून कोर्टात जातात" हे वाक्य औंढ्यातल्या प्रत्येक माणसानं किमान दोनदा आणि काही म्हशींनी एकदा ऐकलं होतं. येताना त्यानं दोन गोष्टी आणल्या: मावळ मोटारमुक्त करायचं स्वप्न, आणि ही पायडलं. साधं पायडल म्हणजे पाय ठेवायची जागा. हे तसं नव्हे. याच्या बुटाच्या तळव्याला प्लास्टिकची एक कडक जीभ असते. ती पायडलाच्या स्प्रिंगदार जबड्यात खट्‌कन बसते, आणि मग माणूस आणि सायकल एकजीव होतात. सुटायचं असेल तर टाच बाहेर वळवायची, पाय मोकळा.

"आणि नाही झाला मोकळा तर?" समीक्षानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. अमृतनं स्प्रिंग या विषयावर तिला पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. उत्तर दिलं नाही.

एरवी असल्या पायडलांचे लाड फार. दर शनिवारी ओसरीवर वर्तमानपत्र पसरायचं, जबड्यातली माती कोरून काढायची, बुटाच्या जिभेचे स्क्रू आवळायचे, सांध्यांत तेलाचा एकेक थेंब. त्या शनिवारी थेंबाऐवजी चमचा होता आणि हातही सढळ होता, कारण रविवार मोठा होता.

रविवारी सकाळी आठला लोहगडवाडीच्या अलीकडच्या खिंडीत, भागूबाईंच्या चहाच्या टपरीवर, वाडीतल्या अकरा टपरीवाल्यांची बैठक होती. महिन्यातला एक रविवार मोटारी खालीच थांबवायच्या आणि वर फक्त सायकली सोडायच्या, की खिंडीवरचं गवताचं रान मोटारींच्या पार्किंगला देऊन टाकायचं, हे तिथं ठरायचं होतं. भुशी धरणावर रविवारी गाड्यांच्या रांगेत माणूस कसा म्हातारा होतो ते सगळ्यांनी पाहिलं होतं. तरीही दहाजण पार्किंगकडे झुकलेले. भागूबाई मात्र अजून काही बोलल्या नव्हत्या, आणि भागूबाई बोलल्या की बाकीचे दहा मान हलवत. अमृतला त्यांच्यासमोर सायकलवरून, वेळेवर, ताठ मानेनं उतरायचं होतं. चार महिने तो या एका उतरण्यासाठी झटत होता.

जानेवारीची सकाळ. रात्रभर घरातल्या उबेत राहिलेली पायडलं अंगणात लोण्यासारखी वागली. खट्, बसलं. टाच वळवली, सुटलं.

"मफलर घे," दारातून समीक्षा म्हणाली.

"मफलरला वारा अडतो."

"बरोबर आहे. कान गळून पडले की आणखी हलका होशील."

पवनेच्या पाण्यावरून धुकं वर चढत होतं. पहिल्या चढापर्यंत झाडं दिसत होती. मग झाडांचे बुंधे. मग नुसता पायाखालचा रस्ता, आणि तोही चाकापुढं हातभर. एका गाडीचा आवाज नाही, कुत्र्याचा नाही, पाखराचा नाही. सपाटीवर अमृतनं दम खायला पाय थांबवले, आणि त्याला मागून कुणीतरी येत असल्याचं ऐकू आलं. टिक टिक टिक टिक.

पाय मारले, तर आवाज बंद. थांबवले, तर पुन्हा टिक टिक टिक, अगदी पाठीला लागून.

हा आपल्याच मागच्या चाकाचा आवाज आहे, पाय थांबले की चाक असंच वाजतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं ते मनाशी स्पष्ट शब्दांत म्हटलंही. मग पुढचे तीन किलोमीटर त्यानं पाय अजिबात थांबवले नाहीत. (त्या टप्प्यात त्याची आजवरची सर्वोत्तम वेळ नोंदली गेली.)

खिंडीत थोडी सपाटी होती. एका बाजूला करवंदीची जाळी, दुसऱ्या बाजूला उतार, तो कुठवर गेलाय ते धुक्यालाच माहीत. मधे भागूबाईंच्या टपरीची निळी ताडपत्री अंधुक दिसली, खाली चुलीचा लाल ठिपका, आणि चुलीभोवती घोंगड्या पांघरलेले दोन आकार. अमृतनं पाठ ताठ केली, चेहऱ्यावर प्रसन्न भाव आणला आणि डावी टाच बाहेर वळवली.

पाय हलला नाही.

उजवी वळवली. तीही नाही. जोर लावला, हिसका दिला, सगळं अंग वळवलं. दोन्ही तळवे जागच्या जागी. खाली कुणीतरी दोन्ही पाय हातात धरून बसावं तसे. आणि गुडघ्याखाली धुकं आणखी दाट होतं, त्यामुळे खाली खरंच कोण आहे हे बघायची सोय नव्हती.

थांबला की पडणार. आणि आजच्या दिवशी, या लोकांसमोर पडायचं म्हणजे पार्किंगच्या कागदावर स्वतःच अंगठा उठवायचा. म्हणून अमृत थांबला नाही. त्यानं त्या सपाटीवर एक गोल फेरी मारली, जणू तसाच बेत होता.

"अहो भागूबाई," टपरीपुढून जाताना तो म्हणाला.

चहा ढवळणारा हात थांबला. दोन्ही आकार निश्चल झाले. मग एका आकारानं सावकाश त्याच्याकडे पाठ फिरवली. धुक्यातून जाड, खालच्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "एक."

अमृतला वाटलं, ऐकलं नसेल. पुढच्या फेरीला तो जरा मोठ्यानं म्हणाला, "मावशी, मी अमृत. औंढ्याचा."

"दोन," तोच आवाज. आणि दुसरा, बाईचा, दबका: "गप ऱ्हा. ओ देऊ नगं."

त्यानं दोन फेऱ्या गप्प राहून मारल्या. बुटाला नाडीऐवजी असलेली तार सैल करायची चकती फिरवायला एक हात खाली नेला, तर सायकल थेट उताराकडे ओढली गेली. हात परत घेतला. मग, दुसरं काही सुचेना म्हणून, पुन्हा हाक मारली.

"एक," आवाज म्हणाला. "परत पयल्यापासनं."

हे काय मोजतायत? फेऱ्या म्हणाव्यात तर आकडा चुकतो. अमृतनं परदेशी विद्यापीठात धुक्यातल्या रस्त्यांच्या सुरक्षिततेवर चाळीस पानं लिहिली होती; त्यांत यावर एक ओळ नव्हती. ही भागूबाईंची टपरीच आहे ना? हे दोघं तेच आहेत ना? पाठमोरे, बिनचेहऱ्याचे, हाकेला ओ न देणारे. भुतं नसतात, हे त्याचं मत त्या क्षणीही ठाम होतं. फक्त ते मत औंढ्यात घरी बसून बनवलेलं आहे, खिंडीत नव्हे, हे त्याच्या प्रथमच लक्षात आलं.

अकराव्या की बाराव्या फेरीला पुढचं चाक एका दगडाला लागलं.

माणूस सायकलवरून धाडकन पडतो, असा समज आहे. पायडलात अडकलेला माणूस तसा पडत नाही. तो आधी थांबतो, मग एका बाजूला कलतो, मग कापलेल्या झाडासारखा, सगळा विचार करून, आडवा होतो. अमृत सायकलीसकट आडवा झाला. कोपर जमिनीला लागलं आणि चार वर्षांचं परदेशी शिक्षण एका दमात बाहेर पडलं.

"आई गं. आई गं. आई गं."

"तीन," आवाज म्हणाला, आणि त्यात केवढा तरी सुटकेचा श्वास होता.

"ओ रं लेकरा," भागूबाई म्हणाल्या. "कोन हाय त्ये?"

धुक्यातून आधी एक काठी आली, मग भागूबाई, आणि त्यांच्या मागं पेटतं लाकूड धरून शेजारच्या टपरीचा शिदू. मोजणारा आवाज त्याचा होता.

"अमृतभाऊ व्हय," शिदूनं लाकूड तोंडाजवळ आणून खात्री केली. "मंग तीनदा हाक मारायची की आदीच."

"तुम्ही ओ का नाही दिलीत?"

"धुक्यात त्यो बी हाक मारतो ना," भागूबाई म्हणाल्या. 'त्यो' कोण ते त्यांनी सांगितलं नाही, आणि अमृतनं विचारलं नाही. "नाव घ्यून मारतो. पर त्याला सलग दोनच येत्यात. तिसरी मानसाची. तुमी एक मारायची, दुसरी मारायची आन गपकन मुकं व्हायचं. वर टिकटिक करत गोल गोल फिरायचं. माझं तर हातपाय गळालं. उठा आता."

"उठता येत नाहीये. पाय सुटत नाही."

दोघंही एक पाऊल मागं सरले.

"कोनी धरलाय?" शिदूनं हळूच विचारलं.

"पायडलानं."

शिदूला हे उत्तर पटलं नाही. "नारळ फोडावा लागंल, भागूमावशी."

भागूबाई वाकल्या होत्या. त्यांनी नाक सायकलीजवळ नेलं, पायडलाच्या जबड्यात नख घालून पांढरं, मेणासारखं काहीतरी उकरलं आणि बोटांवर चोळलं. "नारळ हाय की हितं आदीच. खोबरेल हाय ह्ये. माती बसलीया आन वरनं गोठलंया. थंडीत बाटली चुलीपाशी ठिवत्यात, भाऊ. तुमी सायकलीत ठिवली व्हय?"

खोबरेल तेल चोवीस अंशांखाली गोठतं, हे अमृतला ठाऊक होतं. त्यावर शाळेत त्याला एक मार्क मिळाला होता.

भागूबाईंनी चुलीवरची किटली आणली आणि दोन्ही पायडलांवर गरम पाणी ओतलं. धुक्यात वाफ गेली, क्षणभर काही झालं नाही, आणि मग, खट्. खट्. अमृत मोकळा झाला.

आठ वाजेपर्यंत बाकीचे नऊ आले. तोवर शिदूची धुक्यातली गोष्ट नऊ वेळा सांगून झाली होती, आणि दर वेळी अमृतच्या फेऱ्या वाढत होत्या. अमृत कोपराला हळद लावून चुलीपाशी बसला होता. पडताना घोटाही मुरगळला होता, त्यामुळे पाय टेकवत नव्हता. मोटारींचा धूर, डोंगराचं पाणी, वाडीतल्या पोरांचा रस्ता, हे सगळं त्यानं चार महिने घोकलं होतं. त्यानं घसा साफ केला. "तिकडं न्यायाधीशसुद्धा—"

"त्ये झालंय ऐकून," भागूबाई म्हणाल्या. "बसा. भजी खावा."

त्यानं भजी खाल्ली. दुसरं काही करता येत नव्हतं. चर्चा त्याच्या डोक्यावरून चालली होती. पार्किंग, पार्किंग, पार्किंग असंच ऐकू येत होतं. त्यानं चौथा चहा घेतला. घोटा टम्म सुजला होता. पिठलं-भाकरी आली, तीही खाल्ली. धुकं विरलं, लोहगडाची तटबंदी दिसायला लागली, दहा वाजून गेले, आणि एका बाजूला आपलं स्वप्न हरत असताना आपण जेवतोय याची त्याला मनापासून लाज वाटली.

भागूबाई बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी पदराला हात पुसले.

"माझं मत सायकलीला," त्या म्हणाल्या.

अमृतच्या हातातली भाकरी खाली आली. डोळे भरून आले. त्याला वाटलं, शेवटी डोंगराची हाक डोंगरातल्याच माणसाला ऐकू आली.

"मोटारवाला काय करतो," भागूबाई बाकीच्यांकडे वळून म्हणाल्या, "काच खाली करतो, फोटू काढतो, पान्याची बाटली टाकून जातो. ह्यो बगा. साडेसातला आला. आजून हालला न्हाई. आन दुपारशिवाय हालायचा बी न्हाई."

दहाजणांनी अमृतच्या ताटाकडे पाहिलं, घोट्याकडे पाहिलं, आणि माना हलवल्या. ठराव झाला.

"मावशी," अमृत गहिवरून म्हणाला, "वाडीची काही अट असेल तर सांगा. कुठलीही. मी जातीनं पाळीन."

"अट न्हाई, एक इनंती हाय." भागूबाईंनी किटली पुन्हा चुलीवर चढवली. "येतील त्या समद्यांस्नी हेच पायडल बसवून पाठवा. गरम पान्याचं आमी बगतो."