समुद्र नारळ घेईना

विनोदिनीबाईंनी नारळ उज्जैनहून आणला होता. कोकणात. देवास गेटच्या दुकानातून, टॉवेलात गुंडाळून. "तिथे ढीगभर मिळतात हो आई," असं सून केतकीने सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

नात भार्गवी सातव्या महिन्यात जन्मली, तेव्हाचा नवस. महाकाळाला सांगून झालं होतं, शिप्रेला सांगून झालं होतं, उरला समुद्र. पोर चालू लागली की त्याला नारळ. आता पोर चालत कसली, पळत होती. पण तीन दिवस पाऊस कोसळत राहिला आणि बाई सादळलेल्या पापडांवर चिडत खोलीतच बसल्या. आज पाचला टॅक्सी, पुढे ट्रेन. पाऊस जरा कमी झाला तेव्हा चार वाजून गेले होते.

किनाऱ्यावर येऊन, शिप्रेच्या रामघाटावर सोडतात तसा त्यांनी नारळ अलगद पाण्यात सोडला, डोळे मिटले. उघडले तर नारळ पायाशी.

"घेत नाहीये गं हा."

"भरती आहे आई, वापस येणारच," मुलगा पराग म्हणाला. "मी फेकतो."

त्याने फेकला. आला. गुडघाभर पाण्यात जाऊन फेकला. नारळ आला, चष्मा गेला. पुन्हा फेकला. नारळ आला, काठावरच्या चपला गेल्या.

"द्यावं ते नको, न दिलेलं हवं. तुझ्या आत्यासारखाच आहे हा."

हॉर्न वाजला. "रुको भैया," बाई सवयीने हिंदीत ओरडल्या आणि ओल्या वाळूत बसल्या. "नवस अर्धा टाकून मी हलणार नाही."

नारळावर नजर ठेवायची, म्हणजे समुद्राकडे बघणं आलंच. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "केतकी, लाट फुटायच्या आधी हिरवी होते बघ. काचेसारखी." मग, "पाऊस चालत येतोय गं तिकडून, पडदा ओढत." मग बोटभर खेकड्याने वाळूच्या गोळ्यांची काढलेली नक्षी त्यांनी भार्गवीला दाखवली, आणि स्वतःच वाकून बघत राहिल्या. ढगाला फट पडली. लांबवर पाण्याचा एकच पट्टा चांदीचा झाला. बाई नारळावर नजर ठेवायचं विसरल्या.

अखेर ओहोटी लागली. परागने पुन्हा फेकला. नारळ वरखाली होत लहान होत गेला, आणि दिसेनासा झाला.

"गेला ना? मला दिसत नाहीये, सांगा कोणीतरी," पराग डोळे बारीक करत म्हणाला.

"गेला," केतकी म्हणाली. तिने भार्गवीला उचलून घट्ट धरलं. "घेतला त्याने, आई. चला."

हॉर्न वाजला. विनोदिनीबाई उठल्या नाहीत. नजर पाण्यावरच होती.

"केतकी," त्या हळूच म्हणाल्या, "मला वाटतं, मी दोन नारळ बोलले होते."