थोरल्याचं नाव वर

ललित नाशिकच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर नकाशे बनवायचा. गावाच्या ठिपक्याला धक्का न लावता गावाचं नाव इकडेतिकडे सरकवून नीट वाचता येईल असं बसवायचं, हे त्याचं रोजचं काम. ऑफिसात त्याचा शब्द चाले. सासऱ्यांपुढे मात्र त्याची मात्रा चालत नसे.

मेव्हणी उज्वलाचा साखरपुडा मळ्यातच होता आणि मोबाइलवर पाठवायच्या पत्रिकेत नकाशा हवा होता. मळ्यात घरं दोनच. वर, उत्तरेला सासरे चिमाजींचं. खाली, बांधापलीकडे, त्यांचे थोरले भाऊ पुंजा यांचं. बांधावरच्या शेवग्याच्या शेंगा कुणाच्या, यावरून भावाभावांत अबोला होता. पोरीच्या साखरपुड्याला दादा येतो की नाही, या काळजीनं चिमाजींना घास गोड लागत नव्हता.

“जावईबापू, माझं नाव वर अन् दादाचं खाली? असली पत्रिका बघितली तर दादा पाय बी ठेवायचा नाय.”

“मामा, हा नकाशा आहे. तुमचं घर वरच्या बाजूला, म्हणून नाव वर.”

“घर राहू द्या ना जाग्यावर. नाव तेवढं सरकवा.”

ललितनं पुंजांचं नाव थोडं वर नेलं. “अजून वर,” करता करता ते पार चिमाजींच्या ठिपक्याला जाऊन टेकलं. तिथं दाटी होताच सॉफ्टवेअरनं चिमाजींचं नाव गडप केलं.

“आरं, मी कुठं गेलो?”

“तिथं जागा उरली नाही, मामा.”

“मंग खाली बसवा की! धाकट्यानं खालीच बसावं.”

खाली मोकळी जागा होती ती नेमकी पुंजांच्या ठिपक्याशेजारी. “लोक चुकतील हो,” ललित कळवळून म्हणाला.

“अहो, आबा म्हणतात तसं करा आणि जेवायला चला,” बायको सुवर्णानं आतूनच निकाल दिला. बिचाऱ्यानं निमूटपणे पत्रिका पाठवून दिली.

व्हायचं तेच झालं. साखरपुड्याला अंबडहून आलेल्या नवऱ्याकडच्या गाड्या थेट पुंजांच्या अंगणात शिरल्या. इकडे हार घेऊन उभे असलेले चिमाजी मटकन खुर्चीत बसले. “आता दादा त्यांना तसंच माघारी धाडतोय बघा!”

माफी मागायला ललित बांध ओलांडून धावला. पाहतो तर कुसाबाई, पुंजांची बायको, पाहुण्या बायकांना हळदीकुंकू लावत होत्या आणि घाईत टोपी उलटी घातलेले पुंजा पाणी वाटत होते. ललितला बघताच त्यांचे डोळे भरून आले.

“जावईबापू, माझा चिमा लय मोठा झाला. त्याच्या घराला माझं नाव, माझ्या घराला त्याचं! अन् पाव्हणं बी आधी थोरल्याच्या दारात पाठिवलं. एवढा मान कोण देतं आजकाल?”

ललितनं माफी गिळली आणि तोही पाणी वाटायला लागला.

पाहुण्यांना घेऊन पुंजाच मांडवात आले. दोघा भावांनी एकमेकांना मिठी मारली. आपण नेमकं कोणतं चांगलं काम केलं हे चिमाजींना कळलं नव्हतं, तरी त्यांनी पोटभर रडून घेतलं.

जेवणं उरकल्यावर पुंजांनी मोबाइल पुढे केला. “जावईबापू, लग्नाच्या पत्रिकेत शेवगा बी दाखवा. नाव खाली, माझ्या अंगाला टाका.”

“वर टाका,” चिमाजी म्हणाले.

ललितनं बॅगेतून लॅपटॉप काढला आणि ‘शेवगा’ हे नाव ना वर ना खाली, थेट ठिपक्यावरच बसवलं. ठिपका दिसेनासा झाला. ऑफिसात नवखा असताना याच चुकीसाठी त्यानं बोलणी खाल्ली होती.

दोघा भावांनी डोळे बारीक करून पाहिलं.

“हां,” दोघं एकदमच म्हणाले, “आता बरोबर बसलं.”