पोस्टरवरून पळालेलं कासव

"लिहा, मेहुणे," भिंगवाले म्हणाले आणि पाठीमागे हात बांधून खिडकीपाशी उभे राहिले. "सूक्ष्म निरीक्षणाचे महामेरू. अंधारातल्या गुन्ह्यावर पडलेला प्रकाशाचा झोत. ज्यांच्या नजरेतून परवानगीशिवाय मुंगीसुद्धा सुटत नाही, असे सर्व परिसरात दुमदुमणारे नाव. झालं?"

"'दुमदुमणारे'पर्यंत आलोय."

"कुठेतरी 'नम्र' हा शब्द घाला. शोभतो."

मेहुण्याने 'नम्र' घातला. तो कचेरीत टंकलेखक होता, त्यामुळे सांगितलेलं लिहायचं आणि त्यावर विचार करायचा नाही ही सवय बोटांत मुरलेली होती. शिवाय भिंगवाले त्याचे दाजी. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला 'हे जरा जास्त होतंय' असं तोंडावर कसं सांगायचं, हे त्याला गेल्या सत्तावीस वर्षांत सुचलं नव्हतं.

भिंगवाले नोकरीला होते वजनमापे खात्यात. तीस वर्षं दुकानादुकानांतले तराजू तपासून त्यांची अशी पक्की समजूत झाली होती की जगात प्रत्येक जण थोडं तरी कमी देतो. निवृत्तीनंतर एवढी मोठी समजूत घेऊन घरात बसायचं कसं, म्हणून ते गुप्तहेर झाले. खिशात भिंग, कमरेला मोजपट्टी आणि हाताशी मेहुणा, एवढ्या भांडवलावर त्यांनी आजवर एकोणीस प्रकरणं हाताळली. त्यातली एकोणीस एका मोठ्या खोक्यात होती. खोक्यावर त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'न सुटलेली प्रकरणे'.

हे खोकं रविवारी घराबाहेर पडलं. ताई घरी शिवणकाम करायची आणि तिला कापडाच्या गठ्ठ्यांसाठी जागा हवी होती. "खोकं तरी जाईल नाहीतर मी तरी," ती म्हणाली. भिंगवाल्यांनी क्षणभर विचार केला, तोही ताईच्या लक्षात आला. शेवटी त्यांनी खोकं ढकलत ढकलत समोरच्या घरात नेलं आणि घड्याळआजोबांच्या कपाटाला टेकवून ठेवलं, दोन दिवसांसाठी म्हणून.

आणि सोमवारी सकाळी घड्याळआजोबांचं कासव हरवलं.

आजोबा आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत आलेले. आता हात थरथरायला लागले म्हणून लेक त्यांना आपल्याकडे दुसऱ्या शहरात न्यायला निघाली होती. शनिवारी बारा वाजता टॅक्सी यायची होती. सामान थोडंच होतं: दोन बॅगा, अवजारांची पेटी आणि कासव. कासव आजीने आणलेलं. आजी जाऊन चार वर्षं झाली होती. घरातली घड्याळं आजोबांनी एकेक करून लोकांना परत दिली, तेव्हापासून त्या खोलीत आवाज म्हणून उरला होता तो फरशीवरून फिरणाऱ्या कासवाच्या नखांचाच.

"ते नाही मिळालं तर मी कसा जाऊ हो?" आजोबा म्हणाले.  मेहुण्याने मनाशी ठरवलं की काही झालं तरी शनिवारच्या आत कासव सापडलं पाहिजे. पण ते सापडायच्या वाटेत दाजी बसले होते.

ते बसले होते कोपऱ्यातल्या आपल्याच खोक्यावर.

"कासवाचा वेग?" त्यांनी विचारलं.

"हळूच चालतं," आजोबा म्हणाले.

"हळू म्हणजे? आकडा सांगा."

आकडा कोणालाच माहीत नव्हता, म्हणून भिंगवाल्यांनी स्वतः खोलीभर कासवासारखं रांगून दाखवलं आणि मेहुण्याने मोजपट्टी धरली. हिशेबाअंती असं निघालं की फरारी जीव आत्तापर्यंत नदीपलीकडे पोहोचला असणार. त्यांनी नकाशावर एक मोठं वर्तुळ काढलं. "या रेषेवर शोधा."

"आणि आतल्या बाजूला?"

"मेहुणे, पळून जाणारा माणूस घरात थांबतो का?"

मंगळवारी वर्तुळ रद्द झालं, कारण दुसऱ्या मजल्यावरची नर्स किलोभर काकड्या घेऊन जिना चढताना दिसली. कासवाला काकडी आवडते हे आजोबांनी सांगितलेलंच होतं. भिंगवाल्यांनी तिच्या दारावर सव्वा तास पाळत ठेवली. सव्वा तासाने दार उघडलं. नर्सच्या चेहऱ्यावर काकडीच्या चकत्या चिकटवलेल्या होत्या. "रात्रपाळी करून आलेय," ती म्हणाली. "झोपू द्याल का?"

त्यानंतर मेहुण्यानेच पोस्टरचं सुचवलं. कचेरीने त्याला इंटरनेटवर प्रेझेंटेशन बनवायच्या सॉफ्टवेअरचं दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं. खरं तर त्याला एकच दिवस मिळाला, कारण दुसऱ्या दिवशी दाजींनी हरवलेल्या पायपुसण्याच्या तपासासाठी तातडीने बोलावून घेतलं. पण पहिल्या दिवशी शिकवलेलं सगळं त्याला येत होतं. आडवं पान उभं कसं करायचं, अक्षरं मोठी कशी करायची, चित्र कसं घालायचं. त्याने आजोबांच्या मोबाइलमधला कासवाचा फोटो मधोमध लावला, वर ठळक अक्षरांत 'हरवले आहे' लिहिलं आणि खाली आजोबांनी सांगितलेली माहिती टाकली:

'वय बरेच. पाठ टणक, मान सुरकुतलेली. चाल संथ. ओरडल्यास घाबरून आत जाते. काकडी दाखवली की मागोमाग येते. दिसल्यास कृपया हळुवार धरून आणून द्यावे.' त्याखाली पत्ता आणि फोन.

"'कासव' असंही लिहू का?" मेहुण्याने विचारलं.

"चित्र दिसतंय की," आजोबा म्हणाले. ते बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिले.

पोस्टर साधं होतं आणि छान होतं. मेहुण्याला आयुष्यात प्रथमच आपल्या हातून काहीतरी सुंदर घडल्यासारखं वाटलं. त्याने त्याची लिंक दाजींना पाठवली, आणि इथेच चुकलं.

बुधवारी संध्याकाळी तो कचेरीतून आला तर भिंगवाले संगणकासमोर घाम पुसत उभे होते.

"चोरी झाली," ते म्हणाले. "पोस्टरवरचं कासवही गेलं."

मेहुण्याने पाहिलं. पानाच्या मधोमध पिवळ्या चौकोनात भिंग डोळ्याला लावलेले दाजी होते. चौकोनाच्या तळाशी बारीक अक्षरांत सूक्ष्म निरीक्षणाचे नम्र महामेरू वगैरे सगळं होतं. कासव नव्हतं.

"दाजी, हा तुमचा फोटो..."

"मी घातला. तपास कोण करतंय हे लोकांना कळायला नको? आणि आता नीट ऐका. मी फोटो घातला आणि त्याच क्षणी कासव नाहीसं झालं. त्याच क्षणी. म्हणजे चोर माझ्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवून आहे."

"तुमचा फोटो अगदी त्याच्याच जागी आलाय."

"जागा रिकामी झाली म्हणून तर तिथे मावला."

 मेहुणा म्हणाला, "मी कासव पुन्हा घालतो," आणि त्याने माउसला हात लावला. भिंगवाल्यांनी मनगट धरलं.

"खबरदार. ही आता गुन्ह्याची जागा आहे. कशालाही हात लावायचा नाही."

चोर पकडण्यासाठी त्यांनी ती लिंक सगळ्या इमारतीला पाठवून दिली आणि कोण कोण येतं ते बघत बसले. ज्यांची ओळख लागत नाही अशा पाहुण्यांना ते सॉफ्टवेअर आपल्या मनाने प्राण्यांची नावं द्यायचं. पानाच्या कडेला आधी 'अनोळखी कोल्हा' आला. मग 'अनोळखी पाणघोडा'. भिंगवाल्यांनी वहीत नोंद केली: 'टोळी. सांकेतिक नावे वापरते.'

"ती नावं संगणक आपोआप देतो, दाजी."

"तुम्हाला तसं वाटावं हाच त्यांचा डाव आहे."

तेवढ्यात कडेला तिसरं नाव उमटलं: 'अनोळखी कासव'. ते अर्धा मिनिट थांबलं आणि निघून गेलं. भिंगवाले खुर्चीत हळूहळू मागे रेलले.

"जिवंत आहे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आणि त्याच्याजवळ इंटरनेट आहे."

मेहुण्याने कपाळाला हात लावला.

शुक्रवारी पोस्टरच्या पंचवीस प्रती छापून आल्या, तशाच. कासवाविना पोस्टर लावून काय उपयोग, असं मेहुण्याने दोनदा म्हणून पाहिलं. "माझा चेहरा बघून गुन्हेगार गळाठेल," असं उत्तर दोनदा मिळालं. त्याने निमूटपणे चिकटपट्टी घेतली आणि बेकरीपासून बसथांब्यापर्यंत सगळी पोस्टरं लावून आला. प्रत्येक पोस्टर लावताना त्याला आजोबांसमोर उभं राहायची लाज वाटत होती.

शनिवार उजाडला. भिंगवाले सकाळीच बसथांब्यामागच्या झुडपात जाऊन बसले. पोस्टर पाहून कोणाच्या चेहऱ्याचा रंग उडतो ते त्यांना टिपायचं होतं. नऊ वाजल्यापासून घरचा फोन वाजायला लागला.

"ते तुमचं हरवलेलं दिसलं हो," पलीकडून एक बाई म्हणाल्या. "बसथांब्यामागे झुडपात आहे."

मेहुणा आनंदाने उडालाच. "चालतंय का?"

"नाही, वहीत काहीतरी लिहितंय."

मेहुण्याने फोन ठेवला. तो पुन्हा वाजला. एक शाळामास्तर विचारत होते की ओरडायचं नाही हे खरं, पण हाताला धरलं तर चालेल का? तिसऱ्या फोनला मेहुण्याने नुसतं "हो, हो" म्हटलं, आणि चौथा फोन दाजींचाच आला.

"मेहुणे, प्रकरण आपल्याला वाटलं त्याहून मोठं आहे," ते कुजबुजले. "येणारा प्रत्येक माणूस पोस्टर बघतो, मग माझ्याकडे बघतो, मग फोन लावतो. सगळं शहर सामील आहे. आता एक बाई माझ्याकडे येतेय. तिच्या हातात..." इथे फोन बंद झाला.

साडेअकराला बेकरीवाली बाई भिंगवाल्यांना एका बाजूने आणि पोस्टमन दुसऱ्या बाजूने धरून अगदी हळुवार घेऊन आले. बाईच्या हातात काकडी होती.

"काही त्रास दिला नाही," ती ताईला म्हणाली. "फक्त काकडी खात नाहीत. केव्हापासून असे आहेत?"

"लग्नापासून," ताई म्हणाली आणि काकडी घेऊन टेबलावर ठेवली.

समोरच्या दारात आजोबा बॅगा घेऊन तयार उभे होते. हे सगळं बघून ते हसले नाहीत. "राहू दे आता," ते एवढंच म्हणाले. "तुम्ही खूप केलंत." 

ताईने हातातली कात्री खाली ठेवली. मेहुण्याचा लॅपटॉप माउससकट उचलून ती सगळ्यांना घेऊन आजोबांच्या खोलीत आली आणि तो तिने अवजारांच्या पेटीवर उघडला. तिने पोस्टरवरच्या नवऱ्यावर बोट टेकवलं.

"याला बाजूला कसं करतात?"

"ताई, ती गुन्ह्याची जागा आहे," मेहुणा सवयीने म्हणाला.

"धरून ओढलं की सरकतं का?" तिने माउस धरून ओढला. पिवळा चौकोन महामेरूंसकट पानाच्या कडेला सरकला. खाली कासव होतं. मान बाहेर काढून, जसंच्या तसं.

 हे बहुधा प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी शिकवलं असणार, असं मेहुण्याच्या मनात आलं.

"बुधवारीच मोबाइलवर बघितलं होतं मी," ताई म्हणाली. "अर्धा मिनिट बघितलं आणि ठेवून दिलं. म्हटलं, कळेल यांना. रोज कापडं कापते मी, वरचा कागद खालच्याला झाकतो हे कळायला भिंग कशाला हवं? आमच्या घरात गेली सत्तावीस वर्षं जे जे हरवलं, ते यांच्याच कशाखाली तरी सापडलंय."

हे वाक्य बोलून झालं आणि ती थांबली. मेहुणा थांबला. आजोबांनी सावकाश कोपऱ्याकडे पाहिलं. कपाटाला टेकून खोकं होतं, आणि कपाटाखाली जेमतेम वीतभर फट.

मेहुण्याने खोकं ओढलं. फटीतून धुळीने माखलेलं एक डोकं बाहेर आलं आणि एवढ्या गर्दीचं काय काम आहे अशा नजरेने सगळ्यांकडे बघू लागलं. आजोबा गुडघे टेकून खाली बसले. त्यांनी कासवाच्या पाठीवरची धूळ बाहीने पुसली, पुन्हा पुन्हा पुसली, धूळ संपली तरी.

खाली टॅक्सीचा भोंगा वाजला.

"मी सुरुवातीपासून म्हणत होतो," भिंगवाल्यांनी सुरू केलं, आणि मेहुण्याने श्वास रोखला. पण पुढचं वाक्य आलं नाही. त्यांनी खोकं उलटं करून एकोणीसच्या एकोणीस प्रकरणं जमिनीवर ओतली, तळाला ताईच्या कापडाच्या चिंध्या आणून अंथरल्या आणि खोकं आजोबांपुढे धरलं. कासव आत गेलं. मग त्यांनी खिशातून पेन काढून खोक्यावरच्या अक्षरांतला पहिला 'न' खोडला.

टॅक्सी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ते हात हलवत राहिले. परत आले ते खुर्चीत बसून फरशीकडे बघू लागले.

"पाच दिवस," ते ताईला हळूच म्हणाले. "पाच दिवस मी त्याच्या दारावर बसलो होतो."

"बरं," ती म्हणाली. "जेवायला चला."

"भूक नाही."

 ताईने टेबलावरची काकडी उचलली आणि ती स्वयंपाकघरात गेली.  मग भिंगवाले उठले, आणि मान जराशी पुढे काढून, संथ पावलं टाकत तिच्या मागोमाग गेले.