आबांच्या गुणाचं हक्कसोड पत्र

आमच्या तालुक्यात माणसाचे गुण मृत्युपत्र करून वारसाच्या नावे लावावे लागतात. न लावले तर ते सरकारजमा होतात, आणि त्यांचं काय करायचं हे सरकारला कळत नाही. म्हणून लोक वेळेत येतात. मी एकवीस वर्षं हे दस्त लिहितो आहे. घरादाराचं मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. गुणांचं मात्र अंगठा उठवताक्षणी. गेलेल्या माणसाच्या अंगातून गुण काढता येत नाही, एवढं साधं आहे. तरी रोज चार जण हेच विचारतात. डोकं उठतं.

सोमवारी रंगनाथ उंबरजे आले. एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना आबा म्हणतात. सोबत मुलगा विलास आणि थोरली लेक शालन. आबांच्या नावावर एकच गुण होता: आपली चूक कबूल करणं. गाडी उशिरा सुटली की ते स्टँडच्या कर्ण्यावरून सांगायचे, "मंडळी, चूक माझी आहे."

"विलासच्या नावे करा," आबा म्हणाले. "लेकीचं हक्कसोड जोडून घ्या."

वडिलांकडचं भावाला सोडून द्यायचं, ही आमच्याकडची रीत. शेत असो, घर असो, गुण असो. विलासनं त्यासाठी साडीसुद्धा आणली होती.

शालनताईंनी पेन घेतलं नाही. "मला पाहिजे तो," त्या म्हणाल्या.

"अगं ताई, आजवर कुठल्या बहिणीनं मागितलंय?"

"तेजूला, माझ्या लेकीला, मी चार लोकांत नको ते बोलले. दोन वर्षं झाली, ती बोलत नाही माझ्याशी. रोज फोन हातात घेते, पण तोंडातून शब्द निघत नाही. तुझं काय अडलंय?"

विलासचं काहीच अडलं नव्हतं. त्याच्या मते तो आजवर चुकलाच नव्हता.

"मग दोघांत वाटून द्या," ताई मला म्हणाल्या. गुणाचे हिस्से पडत नाहीत. अर्धी कबुली म्हणजे नुसती सबब. मी तसं सांगितलं. ताईंनी सही केली आणि पेन माझ्या टेबलावर हळूच ठेवलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण दस्तात त्याला रकाना नसतो.

आबांनी अंगठा उठवला. विलास खुर्चीत सरळ झाला.

"ताई, चुकलं माझं," तो म्हणाला. "गरज तुला होती. मी नुसती रीत म्हणून ओढून घेतलं. आबा, तुमचंही चुकलं."

"माझं कुठं काय चुकलं?" आबा म्हणाले. बाहत्तर वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं असावं. त्यांना ते आवडलेलं दिसलं.

"उलटं हक्कसोड होतं का?" विलासनं मला विचारलं.

"होतं. भावानं केलेलं मी अजून लिहिलेलं नाही एवढंच. आणि सांगून ठेवतो, सही झाली की तुम्हाला हे पटणार नाही."

"म्हणून तर लवकर लिहा."

छापील नमुन्यात मी 'बहीण' खोडून 'भाऊ' केलं. विलासनं सही केली आणि कागदाकडे बघत राहिला.

"हे मी कशाला दिलं? तुम्ही फसवलंत मला."

"यांनीच फसवलं," आबांनी दुजोरा दिला. दोघं बाकावर जाऊन माझ्याविरुद्ध तक्रार लिहू लागले. मी त्यांना कोरा कागद दिला.

शालनताईंनी फोन लावला. पंख्याचा आवाज फार, म्हणून स्पीकर चालू केला.

"तेजू, चुकलं माझं. लोकांसमोर तसं बोलायला नको होतं मी. तुझं काहीच चुकलं नव्हतं."

पलीकडून विचारणा झाली, "कोण बोलतंय?"

"आई," ताई म्हणाल्या. "आईच बोलतेय, बाळा."

मी दस्तावर ताबा मिळाल्याची वेळ लिहिली, बारा वाजून दहा मिनिटं, आणि पुढच्या पक्षकाराला आत बोलावलं.